गावाला न्यायच्या गोळ्या

घाटकोपरच्या ज्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रिपोर्ट टाइप केले, तिथे पू तपासायला आला की त्याचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी निघायचा. त्यात घाई चालत नाही. पुवातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, मग त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या बारीक चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, कुठल्या चकतीभोवती जंतू मेलेत आणि कुठल्या चकतीला चिकटून मजेत वाढलेत. मेले तर त्या औषधापुढे एस. नाही मेले तर आर. आतल्या मॅडम चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून द्यायच्या आणि मी ते फॉर्मात भरायचे. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एक अक्षर. एस म्हणजे हे औषध चालेल, आर म्हणजे या औषधाला जंतू भीक घालत नाही.

मी कामाला लागले तेव्हा आर शोधावा लागायचा. पुढे पुढे एस शोधावा लागू लागला. हे मला दिसत होतं, कळतही होतं. डबा खाताना मी सगळ्यांना भाषण द्यायचे की लोक कोर्स पुरा करत नाहीत, बरं वाटलं की गोळ्या बंद करतात, म्हणून जंतू सोकावतात. वर “अडाणी कुठले” असंही म्हणायचे. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याला शिकवायला मिळालं की मला जेवण गोड लागतं. आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याच्या दाढेच्या उरलेल्या सहा कॅप्सूल मी पिशवीत टाकायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ती पिशवी गावाला न्यायची होती. आम्ही मूळचे कोकणातले. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग ते गेले, त्यांच्यामागून आईही. मी लग्न करून कांजूरमार्गला राहिले आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा दादा घर आणि आंब्या-काजूची झाडं सांभाळायला गावी परतला. वर्षातून दोनदा मी जायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. मुंबईहून रिकाम्या हाताने जायची आमच्यात पद्धत नाही. बाकीचे चाकरमानी मिठाई, साबण, पोरांना कपडे न्यायचे. आमच्या घरात एक वाक्य होतं, “टाकू नको, गावाला होईल.” जुनी चादर गावाला व्हायची, बटणं तुटलेला स्वेटर गावाला व्हायचा. तशाच गोळ्या. नवऱ्याची दाढ दोन दिवसांत थांबली, उरलेल्या गोळ्या गावाला. मुलीचा घसा तिसऱ्या दिवशी सुटला, उरलेल्या गावाला. मला लघवीचा त्रास झाला तेव्हा तर मी तीन दिवसांनी मुद्दामच थांबले, कारण गणपती पंधरा दिवसांवर आले होते आणि पिशवी भरली नव्हती. लॅबच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे कंपनीवाले ठेवून जायचे ती फुकट सॅम्पलं मुदत संपत आली की मला मिळायची. तीही गावाला.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी आरतीनंतर वाडीतली माणसं आमच्या पडवीत यायची. “बाय इली काय मुंबैसून?” मी चष्मा लावून पायरीवर बसायचे, पिशवीची चेन उघडायचे. ताप येतो? ही घे. दात? या दोन. पाठीत केस्तूड झालंय? लाल-काळ्या चार, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. चार का, तर माझ्याकडे त्या वर्षी चारच असायच्या. मला ते डाक्टरीण म्हणायचे. मला ते फार आवडायचं, हे इथे लिहूनच टाकते. लॅबमध्ये बावीस वर्षांत मला कोणी काही विचारलं नाही, रिपोर्ट कधी मिळेल याशिवाय.

दादाला एकदा मांडीवर गळू झालं होतं. मी सहा कॅप्सूल दिल्या, तीन दिवसांत ते फुटून बसलं. त्याने सगळ्या वाडीला सांगितलं, “माज्या भयणीन बरो केल्यान.” त्यानंतर पिशवी उघडली की मी पहिलं त्यालाच विचारायचे आणि त्यालाही दर वर्षी काही ना काही झालेलं असायचं. कधी पुळी, कधी काखेत गाठ, कधी पायाला लागलेलं चिघळलेलं. मी द्यायचे. बरं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी शिमगा झाला आणि चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. दादाची मांडी सुजून खांबासारखी झाली होती, ताप उतरत नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं. लक्झरी बसच्या मागच्या सीटवर आडवं घालून त्याला आणलं आणि मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये भरती केलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिने त्याच दिवशी गळू कापून पू काढला. वाटीभर निघाला. मी तिला म्हटलं, तपासायला आमच्या लॅबमध्ये पाठवा, मी जातीने लक्ष घालते. ती हसून म्हणाली, “अरे वा, काकू लॅबवाल्या आहेत, म्हणजे तुम्हाला काही समजवायला नको.”

मग ती दादाच्या खाटेवर टेकून लिहायला बसली. वहिनी खाली केसपेपर करायला गेली होती, खोलीत आम्ही तिघंच.

“काका, असं आधी झालेलं?”

“होता मधी मधी. जाता.”

“मग काय घेता? अँटिबायोटिक काही? नाव आठवत असेल तर सांगा हं, इंजेक्शन कुठलं लावायचं ते मला त्यावरून ठरवायचंय. रिपोर्ट यायला तीन दिवस लागतील.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. अगदी एवढंसं. मग तो छताकडे बघत म्हणाला, “हळद आणि खोबरेल लायतंय. दुसरा काय नाय.”

ती लिहायला लागली, अँटिबायोटिक नाही. मी तिच्या बाजूला उभी होते. मला सगळी नावं येत होती, स्पेलिंगसकट, कुठल्या साली किती दिली त्यासकट. मी तोंड उघडलं नाही. का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दादाला खोटं पाडायचं नव्हतं, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. त्या पोरीने मला लॅबवाल्या काकू म्हटलं होतं आणि मला पाच मिनिटांत तिच्यासमोर अडाणी व्हायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं घाणेरडं कारण होतं.

तिने जे इंजेक्शन सुरू केलं ते माझ्या पिशवीत दर वर्षी सगळ्यात जास्त असणाऱ्या कॅप्सूलच्याच घराण्यातलं होतं. मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि ओळखलं. तरीही मी बोलले नाही. म्हटलं, कदाचित लागू पडेल. आधी पडायचंच की.

मांडीवरच्या लालीच्या कडेने डॉक्टरने पेनाने रेघ मारली होती. लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर वर केली तर लाली रेघ ओलांडून चार बोटं पुढे आली होती. तिने दुसरी रेघ मारली. संध्याकाळी तीही मागे पडली. दादा ग्लानीत बडबडत होता, गायीला पाणी दाखवा म्हणत होता. गाय विकून सात वर्षं झाली होती. ती निळी रेघ मला अजून दिसते. भाजी चिरताना, फरशी पुसताना, मध्येच दिसते, आणि तिच्या बाहेर काहीतरी सरकत असतं.

तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. मॅडमनी चिठ्ठी पुढे सरकवली. वर माझं माहेरचं आडनाव होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. मी फॉर्म उघडला आणि भरायला लागले. पहिल्या औषधापुढे आर. दुसऱ्यापुढे आर. हात आपोआप चालतो, बावीस वर्षांची सवय. चौथ्या ओळीला हात थांबला, कारण मला प्रत्येक नावापुढे माणूस दिसायला लागलं होतं. ही नवऱ्याची दाढ. आर. हा मुलीचा घसा. आर. ही माझी लघवी, हे वरच्या डॉक्टरांचं सॅम्पल. आर, आर. अगदी तळाला दोन नावांपुढे एस होता. ती दोन औषधं माझ्या पिशवीत कधीच नव्हती.

जंतूचं नाव मी शेकडो वेळा टाइप केलं असेल. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, कातडीवर राहणारा जंतू. तोवर मला ते फक्त लांबलचक नाव वाटायचं, चुकायला सोपं.

रिपोर्ट फोनवर पाठवता आला असता. मी छापला, रिक्षा केली आणि मुलुंडला गेले. डॉक्टर पॅसेजमध्ये भेटली. तिच्या हातात कागद दिला आणि सगळं सांगितलं. पिशवी, दर वर्षीच्या चार-सहा कॅप्सूल, पहिल्या दिवशी मी उभी राहून गप्प बसले ते. माझा आवाज एवढा चढला होता की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते. तिने नुसतं पेन काढलं आणि नावं लिहून घेतली.

“काकू, हे त्या दिवशी कळलं असतं तर हे इंजेक्शन मी लावलंच नसतं.” एवढंच म्हणाली.

“माझ्यामुळे झालं का हे?”

“ते कोणीच सांगू शकत नाही. हा जंतू चांगल्या धडधाकट माणसाच्या नाकात, अंगावरही राहतो. कुठूनही आला असेल.” मग पेनाला टोपण लावत म्हणाली, “पण थोडंसं औषध दिलं की कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. दर वर्षी तेच केलं तर काय उरणार, ते तुम्हीच टाइप करता ना.”

त्याच दुपारी तळाच्या दोनांपैकी एक औषध सलाइनमधून सुरू झालं. ते भराभर देता येत नाही, अंग लाल होतं, म्हणून नर्स थेंब मोजून लावायची आणि एकेक बाटली तासा-दीड तासाने संपायची. दिवसातून दोनदा. किडनीला झेपतंय का ते बघायला रक्त काढायचे. मांडी पुन्हा कापावी लागली, कारण त्या दोन दिवसांत आतलं मांस मेलं होतं. मूठभर मांस गेलं. रक्तात पसरलंय का, ते अजून कळलेलं नाही असं डॉक्टर म्हणाली. मी हात जोडायला गेले तर तिने हातावर टाकायला सॅनिटायझर पुढे केलं.

वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “वन्सं, तुमका सांगूक नाय. तुम्ही हसतास. मी निघायच्या आदी देवळात कौल लावलंय.” आमच्या गावी देवाच्या अंगावर तांदळाचे दाणे चिकटवतात आणि ते कुठल्या बाजूने पडतात त्यावरून गुरव सांगतो.

“काय सांगितलं?”

“म्हणाले, कोणाच्या तरी हातचा खाल्ल्यान हा. आपल्याच माणसाच्या. माका त्या शेजारणीचो संशय येता. नारळावरसून भांडान झाला तेवापासून ती गोड बोलाक लागली हा.”

एरवी मी कौलाची टिंगल केली असती. दर गणपतीला करायचेच. त्या दिवशी मला टिंगल सुचली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझ्या तर घशाशी आलं होतं. शेजारणीने काही केलेलं नाही, एवढंच मी वहिनीला म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही. पुढे तिने त्या शेजारणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तेही माझ्या खाती जमा.

नव्या औषधाच्या चौथ्या दिवशी लाली पहिल्या रेघेच्या मागे गेली. ताप उतरला. दादाने पेज मागितली आणि ती पचपचीत आहे म्हणून नर्सवर डाफरला, तेव्हा मी पॅसेजमध्ये जाऊन रडले. दोन आठवड्यांनी त्याला कांजूरमार्गला घरी आणलं, काठीच्या आधाराने. पुढे घरी घ्यायच्या गोळ्यांचा तक्ता डॉक्टरने लिहून दिला होता. खाली लाल शाईने “शेवटच्या गोळीपर्यंत” असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. ते कोणासाठी होतं ते मला कळलं.

घरातल्या सगळ्यांनी पाच दिवस नाकात मलम लावायचं, औषधी साबणाने आंघोळ करायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आमच्या बेसिनजवळ लग्नापासून एकच नॅपकिन लटकलेला असायचा, सगळ्यांचा मिळून. तो मी चिमट्याने उचलून टाकला. मग दाराची कडी दिसली, टीव्हीचा रिमोट दिसला, देवघरातली घंटा दिसली. घरात एक माणूस जास्तीचं राहायला आलंय आणि ते कुठे बसलंय ते कळत नाही, असं मला वाटायचं. मुलगी म्हणाली, “आई, बस ना यार आता, तू त्या घंटेला पण डेटॉल लावलंस.” नवरा हसला. मी हसले नाही.

आणि दुपारी सगळे आपापल्या कामात असले की वाडी दिसायला लागायची. पडवीत ओळीने बसलेली माणसं, पुढे केलेले हात. मी कोणाकोणाला काय दिलं? किती वर्षं? वरच्या घरातल्या काकूला पाठीवरच्या केस्तुडासाठी चार लाल-काळ्या दिल्या होत्या. ती दिवाळीआधी तापाने गेली. सगळे म्हणाले, वय झालं होतं. मीही म्हटलं, वय झालं होतं. ताप कसला होता ते मी विचारलं नाही. आता विचारून कळणार नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता, तेवढं आठवतं.

दादाची पट्टी मीच बदलायचे, हातमोजे घालून. एका दुपारी वाऱ्याने तोंड फिरवलं आणि कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डोंगरावरचा वास घरात शिरला. मी खिडक्या लावत होते तर दादा म्हणाला, “माज्या मांडयेक नाव ठेवतास, हय तर तुमच्या हवेकच पू झालो हा.” मला हसू आलं आणि हसता हसताच मी बोलून गेले.

“दादा, त्या गोळ्या मी तुला द्यायला नको होत्या. अर्ध्यामुर्ध्या. त्यांनीच हे झालं.”

“माका ठावक आसा.”

“डॉक्टरने सांगितलं तुला?”

“नाय. त्या पोरीन इचारल्यान ना, तेवाच समाजलंय. म्हणान तर हळद सांगितलंय.”

मी खाटेवर बसले. तो मरायला टेकला होता आणि मला वाचवत होता. “अरे, पण मग इतक्या वेळा तुला गळू व्हायचं, तेव्हाच डॉक्टरकडे...”

“इतक्या वेळा खय झाला गो?” तो हसला. “पयल्यांदा झाला ता खरा. मगे तू दर गणपतीक इलंस की पिशी उघडून पयलो माकाच इचारीस, दादा, तुका काय होता काय? काय नाय म्हटलंय तर तुजा तोंड एवडासा होय. म्हणान मी सांगी, हय दुखता, थय पुळी इली हा. तू दिलंस की दोन दीस गिळी.”

“काही झालेलं नसताना?”

“काय्येक नसताना. ही खरी गळवां मागच्या दोन-तीन वर्सांत होवक लागली.”

खोलीत तो वास भरून राहिला होता. मला एकच गोष्ट कळत होती आणि ती कळून घ्यायची नव्हती. ते पहिलं गळू सोडलं तर मी औषध देईपर्यंत माझा भाऊ आजारी नव्हता.

“असं कशाला रे केलंस?”

त्याने काठी भिंतीला नीट टेकवली, मग म्हणाला, “सगळी वाडी पडयेत बसलेली, मधी तू चष्मो लावन. आपल्या आयेन ह्या बघूक होया होता, असा माका वाटा.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी रडले की बघायचा तसं. “बाय, तुका बरा वाटायचा मा?”

“हो,” मी म्हटलं. तेवढं एक मला खोटं सांगता आलं नाही.